डिप्रेशनवाल्याच्या घरी जाताय? भडंग विसरू नका

नात्यातल्या कुणाला डिप्रेशन आलंय असं कानावर आलं? मग अजून घरी काय करताय? उठा, निघा. आधी फोन करून विचारायची पद्धत आपल्यात नाही. रविवारी दुपारी, तीन रात्रींनंतर त्याचा जरा डोळा लागला असेल, नेमकी तेव्हाच बेल वाजवायची. सोबत खाऊ हवा. माझ्या भावाला बघायला आमची आत्या सांगलीहून भडंग घेऊन आली होती. दोन किलो, स्टीलच्या डब्यात.

चप्पल काढता काढताच विचारून टाका, "काय रे, कसलं टेन्शन आहे तुला?" तो "कसलंच नाही" म्हणाला की तुम्ही जिंकलात. कारणच नाही, म्हणजे आजारही नाही! थायरॉइड बिघडलेल्याला आपण कारण विचारत बसत नाही, पण थायरॉइडचा रिपोर्ट येतो. (डॉक्टरांनी याचाही थायरॉइड आधी तपासून घेतला होता. ते कोण ऐकतंय.)

मग स्वतःचं सांगा. तीन पोरं, रेशनची रांग, पहाटे चारला नळाचं पाणी, आम्हाला कुठे वेळ होता डिप्रेशनला? पहाटे चारला माझा भाऊही जागाच असतो. पंख्याकडे बघत. पण आत्या बोलत असताना मध्ये बोलू नये.

लग्नाचं काढायला विसरू नका.

तुमचं कपाट नीट लावलेलं असेल, तर "मला पण ना, ओसीडीच आहे" हे एकदा म्हणून घ्या. (तो मनाचा आजार आहे, टापटिपीचं नाव नव्हे. ते कोण ऐकतंय.)

ठाणे आणि येरवडा ही मनोरुग्णालयांची गावं विनोदासाठीच वसवली आहेत. नागपूर-रत्नागिरीकरांनी आपापलं वापरावं.

आता मुख्य काम. गोळ्या. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये असतात. स्ट्रिप काढून उजेडाकडे धरा, अक्षर लागत नसलं तरी मान हलवा आणि म्हणा, "याची सवय लागते." पाठोपाठ अश्वगंधा सुचवा. आणि खरंच माया असेल, तर निघताना त्या गोळ्या लपवून ठेवा. आत्याने तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवल्या. गोळ्या सुरू होऊन पाचवा आठवडा होता. या गोळ्यांचा गुण यायलाच चार-सहा आठवडे लागतात, तोवर नुसती मळमळ. तो नुकता कुठे आपणहून दाढी करायला लागला होता. शनिवारी त्याने आमटी पुन्हा मागितली, तर आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. आणि बुधवारी तो भिंत धरून चालत होता. म्हणे डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय. अशी गोळी एकदम तोडायची नसते, डॉक्टर ती उतरवत उतरवत बंद करतात. तांदूळ उपसल्यावर स्ट्रिप सापडली. आत्याला फोन केला, तर म्हणते कशी, "बघ, मी म्हटलं नव्हतं? लागली ना सवय!"

सवय? व्यसनी माणूस गोळीसाठी घर उलथंपालथं करतो, रोज एक वाढवून मागतो. आमच्याकडचा माणूस तीन दिवस गोळी सापडत नाही एवढं सांगायलासुद्धा उठला नाही! कारण उठताच येत नाही, हाच तर आजार आहे! महिन्याभरापूर्वी तो बेसिनपाशी ब्रश घेऊन वीस मिनिटं उभा होता. पेस्ट गळून खाली पडली, तरी तसाच. मी बघितलंय. तुम्ही नाही बघितलेलं. तुम्ही आलात, चहा प्यालात, आळशी म्हणून गेलात.

आत्या, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुझा वॉकर कुणी माळ्यावर टाकला होता का? "मनात आणलं तर चालशील" असं कुणी म्हणालं होतं? मग याच्याच वेळी तुम्ही सगळे डॉक्टर कसे होता? लाज वाटू द्या जरा. यायचं असेल तर या, गप्प बसा, आईला भाजी निवडून द्या, तो बोलला तर ऐका. नाही बोलला तर मॅच बघा. अक्कल वाटायची फारच खाज असेल, तर आधी १४४१६ ला फोन करून थोडी घ्या. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री दोनलासुद्धा.

भडंग मऊ पडलंय, आत्या. डबा धुऊन ठेवलाय, दारातूनच घेऊन जा.