एप्रिलमध्ये घर बघू नये

अमेरिकेत निवृत्तीला टेकलेल्या मराठी माणसांच्या गप्पांचे विषय ठरलेले असतात: गुडघे, मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) आणि दक्षिणेत कुठे जायचं. न्यू जर्सीत उभी हयात बर्फ उपसला, मालमत्ता कर भरला, आता पुरे, यावर आमच्या कंपूत एकमत आहे. फ्लोरिडात, टेनेसीत, टेक्सासात राज्याचा आयकर नाही, हे तर सगळ्यांना तोंडपाठ. कर, घराची किंमत, हॉस्पिटल, देऊळ, इंडियन ग्रोसरी, सगळ्याचा तक्ता एक्सेलमध्ये मांडता येतो. घाम तेवढा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्यात आमच्या घरात हवामान हा मुळातच कौटुंबिक वादाचा विषय. मी गिरगावचा. मे महिन्यात शर्ट पाठीला चिकटलेलाच असायचा, त्याबद्दल कोणी कोणाकडे तक्रार केल्याचं मला आठवत नाही. बायको नागपूरची. पंचेचाळीस डिग्रीत वाळ्याच्या कूलरसमोर बसून पन्हं पिणारी जमात. "आमच्याकडे ऊन असते, चिकचिक नसते," हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीपासून ऐकत आलोय. दमटपणा म्हणजे तिच्या लेखी संस्कारांचा अभाव.

त्यामुळे पहिल्याच बैठकीत तिने एल पासो सुचवलं. "टेक्सास दक्षिणेतच येते ना? आणि कोरडं आहे." आहे खरं, वाळवंटच ते. पण मुलगी राहते नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला, आणि एल पासोहून शार्लटपेक्षा कॅलिफोर्निया जवळ. वाळवण की नातवंडं असा प्रश्न आल्यावर नातवंडं जिंकली. फार मोठ्या फरकाने नव्हे.

मग जॉर्जियातलं सॅव्हाना. ते आम्ही आधी एप्रिलच्या सुरुवातीला पाहिलं होतं, म्हणजे जगातला कोणताही एजंट दाखवील तेव्हा. अझेलिया फुललेल्या, ओकच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉस लोंबतोय, नदीवरून झुळूक येतेय. एजंटबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात जरा उकडतं, पण सवय होते." दक्षिणेत हे सगळेच सांगतात, आणि नेमके एसीच्या खाली उभे राहून सांगतात. मी म्हटलं, घर ऑगस्टमध्ये बघायचं. बायकोने मला इतक्या आदराने पूर्वी कधी पाहिल्याचं स्मरत नाही.

ऑगस्टमधली ती सकाळ अशी. भाड्याच्या घराचं दार उघडून सहाला फिरायला बाहेर पडलो आणि चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफेक. एसीत गार झालेल्या काचेवर बाहेरच्या हवेने एका दमात पाणी धरलं. पायरी दिसेना, म्हणून चष्मा काढला. मग तर कुंपणही दिसेना. फोन सांगत होता, आर्द्रता 94 टक्के. हा आकडा वाचून लोक घाबरतात. पण टक्के फसवे. दुपारी पारा चढला की तेच टक्के साठाच्या आसपास येतात आणि माणूस म्हणतो, चला, हवा कोरडी झाली. हवेतलं पाणी असतं तेवढंच. बघायचा तो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते. फॅरेनहाइटमध्ये पंचावन्नच्या खाली असला की माणूस माणसाशी नीट बोलतो; पासष्टच्या पुढे चिकचिक; आणि सॅव्हानात तो ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस सत्तरच्या वर मुक्काम ठोकून असतो. रात्रीचा पाराही त्याच्या फारसा खाली उतरत नाही, म्हणजे पहाटेच्या गारव्यात फिरू, हा निवृत्तीचा मूळ मनसुबाच बारगळतो.

"पोर्चमध्ये कूलर लावला तर?" बायकोने विचारलं. कूलर चालतो तो पाणी उडून जातं म्हणून. आधीच भिजलेल्या हवेत ते कुठे उडणार, नुसती वाफ वाढेल, असं मी सविस्तर समजावलं. माहेरच्या कूलरवर झालेली ही टीका तिने मुकाट ऐकली. दुपारी जाळीच्या पोर्चमध्ये बसूनच जेवायचा हट्ट मात्र माझा. तिने उडदाचा पापड भाजून ताटात ठेवला. वरण वाढेपर्यंत त्याने मान टाकली होती.

मी तिला विलिस कॅरियरची गोष्ट सांगितली. या तरुण इंजिनियरने 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्र आखलं, ते माणसांना गार करायला नव्हे. दमट हवेने कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही, त्यावरचा तो इलाज. आज दक्षिणेत निवृत्तांच्या वसाहतीच्या वसाहती उभ्या आहेत त्या मुळात कागदासाठी निघालेल्या सोयीवर.

"कागदाचं पाहिलं, मग पापडाचं काहून नाही पाहिलं?" ती म्हणाली.

पुढचा उपाय उंचीचा. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातलं ॲशव्हिल समुद्रसपाटीपासून 2,100 फुटांवर, जुलैतली दुपारही साधारण पंच्याऐंशी फॅरेनहाइटच्या आत. तिथे आम्हाला हाफबॅक भेटले. न्यूयॉर्ककडून फ्लोरिडाला गेलेले, तिथला उन्हाळा आणि घराच्या विम्याचा हप्ता सोसवेना म्हणून निम्म्या वाटेवर परतलेले लोक. डोंगरात वादळाची भीती नाही, हे यांचं जुनं ब्रीद. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळ समुद्रापासून इतक्या आत येऊन डोंगरातल्या नद्या उफाळवून गेलं आणि शहराच्या नळांना सात आठवडे पिण्याजोगं पाणी आलं नाही. तरी ते लोक तिथेच आहेत. दवबिंदूची दहशत पुरापेक्षा मोठी असते, असं माझं निरीक्षण.

खरं तर जर्सीत जानेवारीत दारं-खिडक्या लावून बसतो, इथे ऑगस्टमध्ये बसू, हिशेब एकच. फक्त घाम फावड्याने उपसावा लागत नाही. हे मी बायकोला अजून पटवतोय.

सध्या आम्ही साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलच्या आसपास घरं बघतोय, अर्थात भर उन्हाळ्यात. बायको पर्समध्ये पापडांचं पाकीट घेऊन येते. परवा एका घरात तिने एजंटला एसी बंद करायला लावला, तिथल्याच मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजला, ओट्यावर मांडला आणि घड्याळ बघत उभी राहिली. एजंटने दबक्या आवाजात मला विचारलं, हा काही धार्मिक विधी आहे का? मी हो म्हटलं. बिचाऱ्याने टोपी काढली.

पापड शेवटपर्यंत कडक राहिला. घर नाकारलं, ओट्यासमोर खिडकी नव्हती.