बेसिन परवडलं, पण...

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या सॅनिटरीवेअरच्या दुकानात मी बेसिनचं बजेट 5,000 सांगितलं, तेव्हा मालकाने आधी पोराला चहा सांगितला. मग आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "बसा साहेब."

सोबत आबा होते. बेसिन पारखायची आबांची एकच कसोटी, गुळणी. पहाटे साडेपाचला ते जी गुळणी करतात, तिने शिवाजी पेठेतली कुत्री जागी होतात. इथेही त्यांनी प्रत्येक बेसिनवर वाकून, गाल फुगवून रंगीत तालीम केली. ओट्यावर ठेवायच्या टेबल टॉप बेसिनपाशी मात्र थबकले. "ह्यो तर पांढऱ्या रश्श्याचा वाडगा हाय! ह्यात थुकायचं व्हय?"

टेबल टॉपचं गणित तसंही अवघडच. 32 इंचांवर ग्रॅनाइट, त्यावर 6 इंचांचं भांडं, म्हणजे कड गेली 38 वर. आमची आई तोंड धुणार तर पाणी कोपरावरून थेट बाहीत. शिवाय त्याला उंच बॉडीचा नळ लागतो, तो वेगळाच महाग. मुकाट्याने भिंतीवरचं घेतलं, 2,100 ला. आबा मिसळीचा विषय काढणार, एवढ्यात मालकाने काउंटरखाली हात घातला.

पिलर कॉक, म्हणजे बेसिनचा नळ, 1,450. अँगल कॉक 580. वेस्ट कपलिंग 420. कनेक्शन पाईप 220. बोल्ट 90. पितळी बॉटल ट्रॅप 950.

"ही एमआरपी न्हवं, 35 टक्के डिस्काउंट धरूनच सांगतोय."

"मग एवढी छापतासा कशाला?" आबा.

"डिस्काउंट द्यायला."

आबांची हयात उद्यमनगरात फाउंड्रीत गेली. त्यांनी नळ तळहातावर जोखला, उलटा केला आणि आट्यांच्या आत, जिथे क्रोम पोचत नाही तिथे, डोळा लावला. आत पिवळं दिसलं. "पितळ हाय. घे." ट्रॅपचं काम गटाराचा वास अडवणं. तेवढं पाणी प्लास्टिकचाही धरतो आणि बेसिनखाली वाकून बघणार कोण? प्लास्टिकचा, 180.

तेवढ्यात बायकोचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: रेन शॉवर. आमची टाकी बाथरूमच्या बरोबर डोक्यावर. 10 फूट उंचीच्या पाण्याचं प्रेशर 0.3 बार, आणि हा शॉवर मागतो 1 बार. मालक म्हणाला, "प्रेशर पंप बसवा की!" पंपाचा भाव मी विचारला नाही. बायकोला कळवलं, रेंज नाही.

बिल 5,040. वरचे 40 मालकाने सोडले आणि माझ्या मनात त्याच्याविषयी नको तेवढा आदर दाटून आला.

घरी प्लंबर आला. बेसिन बघितलं, नळ बघितला, मान डोलावली. मग भिंतीवर हातोडीने टकटक करत सरकत गेला. एका जागी पोपडा पडला, मागून माती गळायला लागली.

"जुनं बांधकाम, इटांचा जोड मातीचा. बोल्ट धरायचा न्हाई. खाली टेकू द्यायला पेडेस्टलचा खांब लावा, दीडेक हजारात येतंय."

आबा चप्पल घालून दारात उभे. "चल. आता मिसळ आधी."