‘नायट्रोजन भरा आणि निघा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं: थंडीत टायरची हवा उतरतेच, साबणाचं पाणी घेऊन गळती शोधत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे, नायट्रोजन भरावा, फार तर सीलंट (आतून भोक बुजवणारा द्रव) ओतावं. शिवाय तुमच्या मोटरहोमचं (आत राहायची सोय असलेल्या गाडीचं) मागचं डावं चाक कधीपासून असंच उतरतंय आणि काही बिघडलेलं नाही.

थंडीचा मुद्दा खरा आहे, आणि मोटरहोमला तो कारपेक्षा जास्त लागू पडतो. इथे इंग्लंडमध्ये फियाट ड्युकाटो या व्हॅनवर बांधलेल्या बऱ्याच मोटरहोमच्या मागच्या टायरांत ८० पीएसआय, म्हणजे साडेपाच बार हवा असते. एवढ्या दाबाला पारा १० अंशांनी उतरला की साधारण ३ पीएसआय कमी दिसतात. कारच्या ३२ ला दीडच. सप्टेंबरात २० अंशांना भरलेली हवा जानेवारीत शून्याला मोजलीत तर सहाएक पीएसआय कमी भरतील, गळती अजिबात नसताना.

पण थंडी डावं-उजवं बघत नाही. मागचं उजवं चाक जागच्या जागी आणि डावं एकटंच उतरतंय, म्हणजे तिथून हवा जातेय. नायट्रोजनही त्याच वाटेने जाईल. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, आणि थंडीत तोही तितकाच आकसतो.

माझा पहिला संशय व्हॉल्व्हवर. कारच्या रिममध्ये दाबून बसवतात तो साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. टायर बदलताना कुणी तोच बसवला असेल तर ८० ला त्याच्या बुडाशी कायम ताण राहतो. बहुतेक लोक व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाचं पाणी सोडतात, फुगे आले नाहीत की निर्धास्त होतात. तोंडातून गळत असेल तर आतली पिन सैल किंवा खराब असते, ते काम किरकोळ. बुडाशी मात्र व्हॉल्व्ह बोटाने हलकेच बाजूला वाकवून बघावं लागतं; बारीक चीर तेव्हाच उघडते. त्यावर उपाय एकच, नटाने आवळून बसवायचा धातूचा व्हॉल्व्ह. मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांत आतल्या चाकाच्या एक्स्टेंडरचा (व्हॉल्व्ह बाहेरून हाताशी यावा म्हणून लावलेल्या नळीचा) जोडही तपासावा.

व्हॉल्व्ह ठीक निघाला तर खिळा, आणि त्यानंतर रिमची कड. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. अलॉय रिमची कड त्याने खडबडीत होते आणि टायर तिथे घट्ट बसत नाही. तो उतरवून कड घासूनच घ्यावी लागते.

सीलंटला माझा विरोध आहे तो इथे. रस्त्यात खिळा लागला तर ते गॅरेजपर्यंत पोचवतं, त्यासाठीच ते असतं. तडकलेल्या व्हॉल्व्हला त्याचा उपयोग नाही.

आणि ‘काही बिघडलं नाही’ याचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं. मोटरहोम उभी असतानाही पूर्ण भार वाहत असते. कमी हवेवर मोटरवेला धावताना टायरची बाजू सारखी दबते, तापते, आतून कमकुवत होते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मागचा टायर फुटला की त्याच्या चिंध्या चाकावरचं आवरण आणि जवळचे पाण्याचे पाइप फाडू शकतात, गाडी आवरणं तर त्याहून कठीण. तेव्हा पुढच्या सहलीआधी ते डावं चाक उतरवून टायर आतूनही बघून घ्या, आणि व्हॉल्व्ह रबरी निघाला की धातूचा, ते इथे जरूर कळवा.