‘तक्रार करा म्हणणं सोपं आहे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

पालिकेकडे तक्रार कशी करावी या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तक्रारी करणं हा रिकामा वेळ आणि हातात स्मार्टफोन असलेल्यांचा उद्योग आहे, पालिका काम न करताच तक्रार बंद करून टाकते (तुमच्या गल्लीतल्या बंद दिव्याची तीन महिन्यांपूर्वीची तक्रार तशीच बंद झाली), आणि ‘लोक तक्रारच करत नाहीत, मग काम कसं होणार’ असं लिहून मी पालिकेचं खापर नागरिकांच्या माथी फोडलंय.

शेवटचं आधी घेतो. ते वाक्य चुकलंच. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या इमारतीतली मंडळी होती, जी जिन्यात तासभर कुरकुर करतात आणि अर्ज करायची वेळ आली की ‘तुम्हीच टाका ना’ म्हणतात. पण दोन-दोन पाळ्या करणाऱ्या माणसाला तेच वाक्य ऐकवणं म्हणजे उद्धटपणा झाला.

पहिल्या मुद्द्याला तर तुमच्या बाजूने मीच एक दाखला देतो. अमेरिकेतल्या बोस्टन शहराने २०१२ च्या सुमारास ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं अ‍ॅप आणलं. फोन गाडीत ठेवायचा, खड्ड्यात चाक आदळलं की धक्क्याची नोंद आपोआप पालिकेकडे जाणार. तक्रार लिहायचीही गरज नाही. कल्पना झकासच, पण ज्या वस्तीत स्मार्टफोन कमी, तिथले खड्डे नकाशावर उमटणारच नाहीत, हे उघड होतं. त्यामुळे पालिकेने ते आधी स्वतःच्या रस्ते-निरीक्षकांच्या हाती दिलं, कारण त्यांना सगळ्याच रस्त्यांवरून फिरावं लागतं. तक्रारींचा आकडा सांगतो तो बोलणाऱ्यांचा, गैरसोयीचा नव्हे. त्या आकड्यावरून कामांचा क्रम लावणारी पालिका चुकतेच, यात आपलं दुमत नाही.

मात्र यावरून ‘म्हणून तक्रार निरर्थक’ इथवर तुम्ही जी उडी मारलीत, ती मला पटत नाही. तक्रारीकडे तुम्ही विनंती म्हणून बघताय: काम झालं तर पावली, नाही तर वाया गेली. माझ्या लेखी तक्रार हा पुरावा असतो, पालिकेला ठाऊक होतं याचा. इंग्लंडमध्ये १९८० चा हायवेज अ‍ॅक्ट आहे. रस्त्याच्या दोषामुळे कुणी पडलं आणि भरपाईचा दावा झाला, तर ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ असा बचाव पालिकेला करता येतो. तो तपासताना न्यायालय जे पाहतं त्यात हेही असतं, की दोष पालिकेला माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का.

न्यूयॉर्कचा किस्सा याहून भारी. तिथे दावे आवरायला नियम झाला, की फुटपाथ किंवा रस्त्यातल्या दोषाची आगाऊ लेखी सूचना मिळालेली असेल आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नसेल, तरच सर्वसाधारणपणे शहर जबाबदार. पालिकेने सुटकेचा निःश्वास टाकला असेल. तर १९८२ साली तिथल्या वकिलांनी एक संस्थाच काढली, माणसं पायी फिरवून फुटपाथांवरच्या भेगा-खड्ड्यांच्या खुणा नकाशांवर करून घेतल्या आणि ते नकाशे पालिकेत नेऊन दिले. घ्या लेखी सूचना! (वकिलांचा यात काय फायदा, हे सांगायला नको. पण पोच घेण्याचं महत्त्व त्यांच्याइतकं कुणाला कळणार?)

आता ‘काम न करता बंद’. हे होतं, माझ्या बाबतीतही झालंय. आमच्या गल्लीतलं चेंबरचं झाकण गाडी गेली की खाडकन वाजायचं, रात्री दोन वाजतासुद्धा. मी ऑनलाइन तक्रार टाकली: ‘झाकण नीट नाही.’ दोन दिवसांत ‘निराकरण झाले’ असा मेसेज. रात्री परत खाडकन. मी चिडून पुन्हा तक्रार केली, तेव्हा आलेल्या मुकादमाने मोबाइल पुढे केला. त्याच्यापर्यंत दोनच शब्द पोचले होते: ‘झाकण बसवा’. ते तर बसलेलंच होतं! फोटो काढून तो निघून गेला होता, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. खरा दोष खालच्या चौकटीचा. तिची एक कड झिजली होती, त्यामुळे झाकण डुगडुगत होतं. तिसऱ्यांदा मी लिहिलं: ‘चाक गेल्यावर झाकण हलते, चौकटीची डावी कड तुटली आहे’, सोबत समोरच्या दिव्याच्या खांबाचा नंबर दिसेल असा फोटो. चौकट बदलायला पाच आठवडे लागले, पण मधल्या काळात कुणी ती तक्रार बंद केली नाही.

याचा अर्थ नेमकं लिहिलं की काम होतंच, असा मुळीच नाही. तक्रार किती दिवसांत बंद झाली एवढंच वरचे साहेब मोजत असतील, तर खालचा माणूस बंदच करत सुटणार. तक्रार करणाऱ्याने ‘झालं’ म्हटल्याशिवाय ती बंदच होऊ नये, ही मागणी लेखात यायला हवी होती. राहून गेली.

तुमच्या गल्लीतल्या बंद दिव्याबद्दल: नवी तक्रार टाकू नका, जुन्याच क्रमांकाचा हवाला देऊन ती पुन्हा उघडायला सांगा. नवी टाकली की दिवस पहिल्यापासून मोजले जातात आणि आधीचे तीन महिने कागदावरून गायब होतात. ऑनलाइन तशी सोय नसेल तर साध्या कागदावर जुना क्रमांक, तारीख आणि खांबाचा नंबर लिहून आवक खिडकीवर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तुम्हाला कामामुळे त्या वेळेत जमत नसेल तर शेजाऱ्याच्या हाती पाठवलात तरी चालेल, शिक्का तोच असतो. आणि लेखातलं ते वाक्य मी आज काढून टाकलंय.