आक्काला उचलू नका

दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय. मोठं झालंय, पण वाचा.

आक्काच्या हयातीच्या दाखल्यासाठी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला, आता व्हीलचेअरशिवाय हलता येत नाही. दारात चार पायऱ्या. शेजारी उतार आहे, पण त्याच्या तोंडाशी तीन मोटरसायकली लावलेल्या. त्या बाजूला घेऊन चढवायला गेलो तर खुर्ची मागं कलंडायला लागली. तेवढ्यात चार पोरं धावत आली. "काका, सरका, आम्ही उचलतो." आक्काला कुणी विचारलंसुद्धा नाही. खुर्चीसकट वर घेतली. एका हातानं तिनं खुर्चीचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातानं गुडघ्यावर साडी दाबून धरलेली. 62 वर्षांची बाई आहे हो ती.

त्या पोरांवर राग नाही. 2019 च्या कोल्हापूरच्या महापुरात अशाच पोरांनी तिला खांद्यावर घेऊन बोटीत बसवलं, जीव वाचवला, ते जन्मात विसरणार नाही. पण खुर्ची पाण्यातच राहिली. मग ज्या शाळेत सोय केली होती, तिथल्या संडासाला पायऱ्या. आक्का दिवसदिवस पाणी प्यायची नाही. हे तिनं मला दोन वर्षांनी सांगितलं.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. 1 फूट उंचीला 12 फूट उतार लागतो, हे कुणाला पाठ आहे? चार पायऱ्या म्हणजे 2 फूट धरा, 24 फूट उतार पाहिजे. तिथला माझ्या तीन पावलांत संपला. बांधणाऱ्यानं बिल काढलं असणार, कुणीतरी सहीही केली असणार. खुर्ची चढवून बघितली का एकदा तरी?

जुन्या इमारती आहेत, जागा अरुंद आहे, मान्य. पण दिव्यांग हक्कांचा कायदा 2016 चा, नियम 2017 चे. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला पाच वर्षं दिली होती, ती कधीच संपली. पैसा नाही म्हणू नका, स्थानिक स्वराज्य संस्थांनी 5 टक्के निधी दिव्यांगांसाठीच खर्च करायचा असतो. आणि मोटरसायकली हलवायला कुठला निधी लागतो?

आतला कारकून भला माणूस. म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर मी खाली येऊन सही घेतली असती." त्याचं मन चांगलं, कबूल. पण माझ्या बहिणीनं रस्त्यावर, पानाच्या पिचकाऱ्यांशेजारी बसून सही का करायची? शाहू महाराजांनी 1902 ला नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या, त्या काय कुणाची कीव आली म्हणून? आपण मात्र अजून उचलण्यातच धन्यता मानतो. उचललं, फोटो काढला, झालं.

जरा जास्तच बोललो. राहू दे, खोडत नाही.

येताना रिक्षात आक्का गप्प होती. मिरजकर तिकटीला सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "पुढच्या वर्षी मी हयात न्हाई म्हणून लिहून दे जा त्यांस्नी." तिची मूठ अजून साडीवरच होती.

सोमवारी टेप घेऊन जाणार आहे. उतार मोजून लेखी अर्ज देतो आणि पोच घेतो. कुणाला सोबत यायचं असेल तर अकराला या. आक्का घरीच असेल.