आधी हौद तपासा, मग भिंत रंगवा

सोलापुरातल्या आमच्या पेठेतल्या जुन्या घराचं तळघर आता कोरडं आहे हे कळल्यापासून ओळखीचे लोक एकच विचारतात, "वॉटरप्रूफिंगला कोणाला बोलावलंस?" म्हणून सविस्तर लिहितोय.

बोलावलं होतं की. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने आतून सिमेंटचा गिलावा करून वर केमिकलचे दोन हात मारले. वर्षभरात रंगाला फुगे आले. नखाने खरवडलं की लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला पांढरा क्षार, भुरुभुरु खाली पडायचा. आणि गुडघ्यापर्यंत असलेली ओल कमरेपर्यंत चढली. दगड-चुन्याची भिंत श्वास घेते, तिचं तोंड सिमेंटने बंद केलं की पाणी वर वाट काढतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. खाली ठेवलेल्या चादरींच्या गठ्ठ्यातल्या तळच्या आठ चादरी काळ्या ठिपक्यांनी गेल्या, त्याचं वाईट अजून वाटतं.

आजोबा याच तळघरात सूत ठेवायचे. आपल्याकडची कोरडी हवा लागली की सुती धागा तुटतो, थोड्या दमट जागेत तो चिवट राहतो. त्यामुळे "तळघर म्हटलं की ओल असणारच" हे आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण थोडा गारवा वेगळा आणि भिंतीतून झिरपणारं पाणी वेगळं.

माझे डोळे उघडले ते मे महिन्यात. बाहेर त्रेचाळीस डिग्री, पावसाचा थेंब नाही, आणि पूर्वेची भिंत ओली! कॅलेंडरवर खुणा करायला लागलो. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड, आणि पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंत ओली. भिंतीपलीकडे काय, तर आमचाच हौद. रात्री हौद भरला, कॉक बंद केला, मोटर लावली नाही, काठीवर खडूने खूण केली. सकाळी पाणी चार बोटं खाली.

सोलापुरात पाणी साठवल्याशिवाय कोणाचं भागत नाही, घरोघरी जमिनीत हौद आहेत. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाण्याने फुगते, आणि दरवर्षीच्या या ओढाताणीत हौदाचे सांधे सुटतात. म्हणून माझं ठाम मत आहे की इथे तळघराला ओल आली तर आभाळाकडे बघण्याआधी हौदाकडे बघा.

हौद रिकामा करून फुटलेला कोपरा दुरुस्त केला, आतून नवा गिलावा केला. भिंतीलगतची काळी माती दोन फूट काढून मुरूम आणि खडी भरली, वर बाहेरच्या बाजूला उतार दिला. आतला सिमेंट गिलावा फोडून टाकला आणि भिंत सुकू दिली. इथे घाई करू नका. दगडी भिंत महिन्याभरात सुकत नाही, आम्ही दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबलो, मग चुन्याचा गिलावा केला.

उजेडासाठी फारसा खर्च नाही झाला. उंदीर येतात म्हणून आम्हीच बुजवलेले दोन झरोके उघडले, जाळी बसवली. झरोक्याची आतली कड तिरकी उतरती करून तिला चुन्याची सफेदी दिली, तर उजेड थेट जमिनीपर्यंत उतरतो. भिंतींनाही सफेदीच. एका झरोक्यात एक्झॉस्ट फॅन आहे.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. पावसाळ्यात "हवा खेळू दे" म्हणून दिवसभर झरोके उघडे ठेवू नका. बाहेरची दमट हवा थंड दगडाला लागली की तिथेच दव धरतं. शंका असेल तर भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला जमलं तर ते हवेतलं, प्लास्टिकच्या आत जमलं तर भिंतीतलं.

पूर्वेच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग अजून आहे. पाणी येतं त्या रात्री मी खडूची काठी घेऊन हौदाशी जातो. गेल्या सहा खेपांत खूण हललेली नाही. पुतणी आता खाली अभ्यासाला बसते, दुपारी तिला दिवा लावावा लागत नाही.