पायाचा रंग कुणी ठरवायचा?

माझ्या धाकट्या भावाचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला त्याला आता दोन वर्षं होतील. हायवेवर गाडी घसरली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहायचंय ते नंतरचं.

पहिला कृत्रिम पाय बसवला तेव्हा तिथला माणूस कौतुकानं म्हणाला, फुलपँट घातली की कुणाला कळणारपण नाही बघा. आम्ही सगळे खूश, आई तर रडलीच. पण त्या पायाचा रंग सांगू का, जत्रेतल्या बाहुलीचा असतो ना तसला फिक्का गुलाबी, आमच्या घरात असल्या रंगाचं माणूस झालं नाही. आणि पोरगं भर मे महिन्यात फुलपँट घालून घरात बसायला लागलं. शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच आणि हा घरात! कोल्हापूरकरांना सांगायला नको याचा अर्थ काय होतो ते.

जयपूर फूट म्हणतात त्या कृत्रिम पायाबद्दल मला लई आदर आहे. १९६८ साली रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी तो केला तो आपली माणसं कशी बसतात उठतात ते बघूनच, मांडी घालता यावी, उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात जाता यावं म्हणून. माझं म्हणणं एवढंच की माणसाची बैठक बघितली तशी त्याची हौसपण बघा की. तिकडं एमी मलिन्स, दोन्ही पाय कृत्रिम असलेली अमेरिकन खेळाडू, १९९८ ला लंडनच्या फॅशन शोमध्ये लाकडात नक्षी कोरलेले पाय घालून चालली, लोकांना ते बूटच वाटले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची ओपन बायोनिक्स कंपनी पोरांना आयर्नमॅनचा हात देते. हे सगळं महाग आहे, मान्य.

पण भावाचं ऐका. सुरुवातीला स्टंप, म्हणजे उरलेला पाय, बारीक होत जातो, तो ज्यात बसतो ते सॉकेट ढिलं पडतं, नवं करावं लागतं. तेव्हा ह्यानं नव्या टेक्निशियनला बिचकत विचारलं, दादा, ह्यात जर्सी घालता येते का? तो म्हणाला, आण की! प्लास्टरच्या साच्यावर फायबरचे थर चढवतात, सगळ्यात वर ह्याची तालमीची जुनी जर्सी ताणून बसवली आणि वरून रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, सोडलं. कापड आत कायमचं गोठलं, नंबर बरोबर पोटरीवर. खर्च म्हणाल तर एक जुनी जर्सी.

त्या दिवसापासून हाफपँट. रंकाळ्यावर एका बारक्या पोरानं त्यावर टकटक करून बघितलं आणि विचारलं, "दादा, तू कुठल्या जागेवर खेळायचास?" पाय कसा गेला ते नाही विचारलं त्यानं. भाऊ अर्धा तास त्याला गोल सांगत बसलेला, मी बघत होते.

म्हणून पाय बसवणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे, कातडीचा रंग ज्याला पाहिजे त्याला जरूर द्या, लपवावंसं वाटणं हा काय गुन्हा नाही, पण माप घेताना एकदा विचारा तरी, तुला कसला पाहिजे?

पुढच्या सॉकेटसाठी आईनं आत्ताच स्वतःची इरकल काढून ठेवलीय. टेक्निशियन म्हणतोय साडीचं कापड ताणत नाही, चुण्या पडतील. आई म्हणतीय, मी बसवून देते.